खडीतून निसटणारी वाळू : एका जलद वाळू गाळणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका जलशुद्धीकरण केंद्रातील चार जलद वाळू गाळण्यांपैकी तिसऱ्या गाळणीचे आहे. केंद्राची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. चारही गाळण्या एकाच रचनेच्या होत्या आणि प्रत्येकीचे क्षेत्रफळ सुमारे ४० चौरस मीटर होते. तळाशी मधोमध मॅनिफोल्ड, म्हणजे मुख्य नळ, त्याला दोन्ही बाजूंनी जोडलेल्या लॅटरल, म्हणजे उपशाखांच्या, नळ्या आणि त्या नळ्यांच्या खालच्या अंगाला ८ मिलिमीटर व्यासाची छिद्रे होती. त्यावर ४५० मिलिमीटर जाडीची खडी चार थरांत घातलेली होती. सर्वांत खाली ४० ते २० मिलिमीटर, त्यावर २० ते १२, मग १२ ते ५ आणि सर्वांत वर ५ ते २ मिलिमीटरची बारीक खडी अशी तिची चढण होती. खडीवर ७०० मिलिमीटर वाळू होती.

वाळूची प्रत नेहमीच्या दोन मापांनी ठरवलेली होती. ॲलन हेझन यांनी १८९२ च्या सुमारास रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणे तिचा परिणामी आकार, म्हणजे वजनाने १० टक्के वाळू ज्याहून बारीक असते तो आकार, ०.५ मिलिमीटर होता आणि एकसमानता गुणांक, म्हणजे ६० टक्के वाळू ज्याहून बारीक असते त्या आकाराचे परिणामी आकाराशी गुणोत्तर, १.५ होता. त्यामुळे ८५ टक्के वाळू साधारण १ मिलिमीटरपेक्षा बारीक होती. हा १ मिलिमीटरचा आकडा पुढे वारंवार लागणार आहे.

गाळण्याचा वेग ताशी ५ मीटर होता. धुताना आधी हवा सोडली जाई आणि नंतर ताशी सुमारे ३६ मीटर वेगाने खालून वर पाणी सोडले जाई; या उलट धुण्याला बॅकवॉश म्हणतात. या वेगाला वाळूचा थर फुगून उचलला जातो, कण एकमेकांवर घासतात आणि त्यांना चिकटलेला गाळ सुटून वरच्या पन्हळीतून वाहून जातो.

अडचण कशी दिसू लागली

पहिले लक्षण कोणालाही अडचण वाटले नाही. तिसरी गाळणी शेजारच्या तिघींपेक्षा जास्त वेळ चालू लागली होती. हेडलॉस, म्हणजे थरातून जाताना पाण्याच्या दाबात होणारी घट, हळू वाढत असल्याने तिला धुण्याची गरज उशिरा पडे, आणि ऑपरेटर तिला केंद्रातील सर्वांत चांगली गाळणी मानत. गाळलेल्या पाण्याची गढूळताही नोंदवहीत १ एनटीयूच्या (गढूळता मोजण्याचे एकक) आतच दिसत होती.

मग वार्षिक तपासणीत वाळूची पातळी भिंतीवरच्या खुणेपेक्षा सुमारे १०० मिलिमीटर खाली आढळली. बॅकवॉशमध्ये थोडी वाळू पन्हळीतून वाहून जातेच, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून तिची भर घालण्यात आली. ४० चौरस मीटरवर १०० मिलिमीटर म्हणजे ४ घनमीटर वाळू झाली, आणि एवढी वाळू नेमकी गेली कुठे, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला नाही. काही महिन्यांनी पातळी पुन्हा उतरली आणि पुन्हा भर घालण्यात आली.

प्रकरणाला वळण मिळाले ते शुद्ध पाण्याची टाकी साफ करण्यासाठी रिकामी केली तेव्हा. इनलेटच्या तोंडाशी वाळूचा पंख्यासारखा पसरलेला ढीग होता. त्याच सुमारास एका ऑपरेटरच्या लक्षात आले की, तिसऱ्या गाळणीत पाणी सोडताच पृष्ठभागावर एका ठराविक जागी, भिंतीपासून हातभर अंतरावर, पाणी उकळल्यासारखे उसळते आणि बाकीचा पृष्ठभाग त्या मानाने शांत असतो.

वाळू खडीतून कशी जाते

पुढचे सगळे निर्णय या एका प्रश्नावर अवलंबून होते, म्हणून येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. सच्छिद्र थरातून पाणी किती वाहते याचा हिशेब १८५६ मध्ये आन्री दार्सी यांनी दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी केलेल्या वाळूस्तंभांच्या प्रयोगांपासून मिळतो. पण त्या हिशेबात थर जागेवर आहे असे गृहीत असते. थरातील एक पदार्थच दुसऱ्याच्या पोकळ्यांमधून वाहू लागला, तर प्रश्न दाबाइतकाच भूमितीचा होतो.

एकमेकांना टेकलेले तीन सारखे गोल घेतले, तर त्यांच्या मधल्या फटीतून जास्तीत जास्त केवढा गोल जाईल, हे साध्या भूमितीने काढता येते. तो मोठ्या गोलाच्या व्यासाच्या ०.१५५ पट असतो. म्हणजे मोठा कण लहान कणाच्या साडेसहा पटींहून थोडा कमी असेल तोवर लहान कण अडतो. प्रमाण त्यापलीकडे गेले की लहान कण पाण्याच्या मदतीविना, निव्वळ वजनाने खाली गळत जातो. जॉन ब्रिजवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या गोळ्यांच्या थरांतून लहान गोळ्या सोडून ही गळती मोजली. असा लहान कण धडकत धडकत, पण ठरावीक सरासरी वेगाने उतरत राहतो आणि खोली वाढली म्हणून मंदावत नाही, असे त्यांना आढळले. आमच्या दृष्टीने ही फार महत्त्वाची बाब होती, कारण खालची जाड खडी कुठेतरी वाळूला आपोआप अडवेल, ही आशा त्यामुळे मावळते.

खडी गोल नसते आणि तिची मांडणीही घट्ट नसते, म्हणून व्यवहारात साडेसहाऐवजी अधिक कडक मर्यादा पाळतात. मातीच्या धरणांतील फिल्टरसाठी कार्ल टेरझागी यांनी दिलेला निकष येथेही उपयोगी पडतो. जाड थराचा १५ टक्के आकार (वजनाने १५ टक्के कण ज्याहून बारीक असतात तो) हा बारीक थराच्या, तशाच रीतीने ठरवलेल्या, ८५ टक्के आकाराच्या चार ते पाच पटींपेक्षा मोठा असू नये. जाड थरातील फटी त्याच्या बारीक कणांवरून ठरतात, आणि त्या फटींच्या तोंडाशी पहिली कमान बांधतात ते बारीक थरातले जाड कण, हे या निकषामागचे तत्त्व आहे.

आता गाळणीतील आकडे तपासू. ५ ते २ मिलिमीटर खडीचा १५ टक्के आकार सुमारे २.४ मिलिमीटर येतो. वाळूच्या १ मिलिमीटरशी त्याचे प्रमाण २.४ पडते, म्हणून तेथे वाळू पक्की अडते. मात्र हा थर नाहीसा झाला आणि वाळू १२ ते ५ मिलिमीटरच्या खडीवर टेकली, तर प्रमाण ६ होते आणि फट सुमारे ०.९ मिलिमीटरची होते. त्यातून बारीक कण सुटे सुटे निसटतात आणि जाड कण अडून कमानी धरतात. वाळू थेट २० ते १२ मिलिमीटरच्या खडीवर आली, तर प्रमाण १३ आणि फट २ मिलिमीटरची होते. तेथे एकेकट्या कणाला अडवणारे काहीच उरत नाही; वाळू थांबली तर ती फक्त कमानींमुळे थांबते.

कमान हा या प्रकरणातील सर्वांत फसवा भाग होता. भोक कणाच्या सुमारे पाच पटींपेक्षा लहान असेल, तर दाणेदार पदार्थ बहुधा त्या तोंडाशी एकमेकांना टेकून अडतो. एकदा कमान बसली की वरून पाणी वाहत राहिले तरी ती टिकते, किंबहुना पाण्याच्या दाबाने ती अधिक घट्ट होते. पण बॅकवॉशमध्ये प्रवाह उलटा होतो आणि झाडून सगळ्या कमानी मोडतात. गाळणी पुन्हा सुरू झाली की नव्या कमानी बसेपर्यंत काही मिनिटे वाळू झरते आणि मग थांबते. ज्या गाळणीत सीमेवरचे प्रमाण चार-पाचच्या पलीकडे गेले आहे, पण कमानी अजून बसू शकतात, ती सतत गळत नाही. ती प्रत्येक धुण्यानंतर थोडी थोडी गळते.

निदान

या समजुतीवरून पहिला बदल नमुना घेण्याच्या वेळेत करण्यात आला. तोवर नमुने दिवसाच्या ठरलेल्या वेळी घेतले जात आणि ती वेळ बहुधा धुण्यानंतर बरीच उशिरा येई. आता गाळणी सुरू होताच नमुना-नळाला बारीक जाळीची पिशवी बांधण्यात आली. पहिल्या काही मिनिटांतच पिशवीत वाळू जमली. नंतर दिवसभर लावलेल्या दुसऱ्या पिशवीत जेमतेम चिमूटभर वाळू मिळाली. गळती बॅकवॉशशी जोडलेली आहे, हे यावरून पक्के झाले.

त्यानंतर टाकीतील ढिगाचे चाळणी विश्लेषण केले, म्हणजे वेगवेगळ्या चाळण्यांतून वाळू चाळून कोणत्या आकाराचे कण किती आहेत ते पाहिले. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाची चाचणी हीच होती, आणि तिला एका दिवसापेक्षा जास्त वेळ लागला नाही. वाळू पन्हळीवाटे जाते, हे आधीचे स्पष्टीकरण खरे असते, तर टाकीत वाळू येण्याचे कारणच नव्हते. ते बाजूला ठेवले, तरी वाळूचा मार्ग कोणता हे तिच्या आकारांवरूनच कळणार होते. १२ ते ५ मिलिमीटरचा थर शाबूत असता, तर ०.९ मिलिमीटरच्या आसपासचे आणि त्याहून जाड कण वर अडले असते आणि टाकीतली वाळू गाळणीतल्या वाळूपेक्षा स्पष्टपणे बारीक निघाली असती. प्रत्यक्षात दोन्ही नमुन्यांचे आलेख जवळपास एकमेकांवर बसले. १ मिलिमीटरपेक्षा जाड कणही टाकीत तितक्याच प्रमाणात होते. याचा अर्थ कुठेतरी वरचे दोन्ही थर हरवले होते आणि वाळू थेट २० ते १२ मिलिमीटरच्या खडीवर बसली होती.

जागा शोधण्यासाठी वाळूच्या पृष्ठभागावर दोरीने चौकटी आखून प्रत्येक छेदबिंदूवर पातळ लोखंडी सळई खाली दाबण्यात आली. वाळूत सळई सरसर उतरते आणि खडीला लागली की हाताला करकर जाणवते, त्यामुळे सरावाच्या माणसाला खडीची पातळी बोटभर फरकाने सांगता येते. बहुतेक ठिकाणी खडी अपेक्षित पातळीवर लागली. उसळीच्या जागी मात्र सळई दोनशे मिलिमीटरहून अधिक खोल गेली, आणि त्या खड्ड्याभोवती खडीची कड वर आलेली होती. खडी नाहीशी झाली नव्हती, बाजूला लोटली गेली होती.

पर्याय

पहिला पर्याय पूर्वीसारखीच वाळूची भर घालत राहण्याचा होता. त्यासाठी गाळणी बंद ठेवावी लागत नव्हती, म्हणून त्याला पाठिंबाही होता. पण उघड्या पडलेल्या जाड खडीवर नवी वाळू घालणे म्हणजे गळतीलाच खाद्य पुरवणे होते. शिवाय त्या जागेतून न गाळलेले पाणी आडवाटेने जाण्याचा धोका होता, आणि पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत तो धोका पत्करणे मला मान्य नव्हते.

दुसरा पर्याय हवा आणि पाण्याचा वेग कमी करण्याचा होता. उसळी थोडी मंदावली असती, हे खरे. मात्र वाळू पुरेशी फुगली नसती, गाळ आत साठून चिखलगोळे झाले असते आणि आधीच हललेले थर जागेवर आले नसते.

तिसरा पर्याय फक्त उसळीची जागा उकरून तेथे खडी नीट लावण्याचा होता. कामाच्या वेळेचा विचार करता तो सर्वांत आकर्षक होता आणि त्यावर बराच खल झाला. त्याविरुद्ध दोन मुद्दे होते. ओल्या वाळूत खड्डा खणला की कडा ढासळतात आणि वाळू पुन्हा खडीत मिसळते, त्यामुळे दुरुस्तीची सीमाच स्वच्छ राहत नाही. दुसरा मुद्दा अधिक गंभीर होता : खडी लोटली गेली ती कशामुळे? २ मिलिमीटरचा कण उचलायला पाण्याचा वर जाणारा वेग ताशी साधारण ८० मीटर लागतो. सरासरी वेग ताशी ३६ मीटर असताना त्या जागी दुपटीहून अधिक वेग होता, म्हणजे दोष खाली नळ्यांमध्ये होता. वरून केलेल्या ठिगळाने तो सापडला नसता.

चौथा पर्याय गाळणी पूर्ण रिकामी करून नळ्या तपासण्याचा आणि सर्व थर नव्याने लावण्याचा होता. तोच स्वीकारला गेला. तळ बदलून नोझलचा पोकळ तळ बसवण्याची सूचनाही आली होती, पण बांधकामातच मोठा बदल करावा लागणार असल्याने ती लवकर मागे पडली.

चौथा पर्याय निवडल्यावर एक पोटप्रश्न उरला. खडीची उतरंड बारीक थरापाशी थांबवावी, की त्यावर पुन्हा जाड खडी घालून जाड-बारीक-जाड अशी उलट मांडणी करावी? उलट मांडणीत वरच्या जाड खडीच्या वजनाखाली बारीक खडी दबून राहते, आणि हवा व पाणी एकत्र सोडणाऱ्या गाळण्यांसाठी ती मांडणी खरोखर चांगली आहे. येथे हवा आणि पाणी वेगवेगळे सोडले जात होते, आणि पन्हळीची उंची ठरलेली असल्याने थरांची एकूण जाडी फार वाढवता येत नव्हती. म्हणून ५ ते २ मिलिमीटर खडीवर २.४ ते १.२ मिलिमीटर जाड वाळूचा ७५ मिलिमीटरचा थर घालायचे ठरले. ताशी ३६ मीटर वेगाला हा थर उचलला जात नाही, गाळणीच्या वाळूशी त्याचे प्रमाण दीडच्या आत राहते, आणि खालची बारीक खडी थोडी हलली तरी वाळूला लगेच वाट मिळत नाही.

प्रत्यक्ष काम

वाळू थरांनी काढताना उसळीच्या जागेचा छेद मुद्दाम उभा कापून पाहिला. सुमारे मीटरभर रुंदीच्या वाडग्यासारख्या खड्ड्यात वाळू थेट २० ते १२ मिलिमीटरच्या खडीवर बसलेली होती आणि त्या खडीच्या सगळ्या पोकळ्या लॅटरलपर्यंत वाळूने भरलेल्या होत्या. वरचे दोन थर कडेला एकमेकांत मिसळून पडले होते. चाळणी विश्लेषणावरून काढलेला निष्कर्ष आणि हे दृश्य यांत तफावत नव्हती.

सगळी खडी काढल्यावर उघड्या नळ्यांतून अगदी कमी दाबाने पाणी सोडून पाहिले. सर्व छिद्रांतून सारखे पाणी येत होते. फक्त खड्ड्याखालच्या लॅटरलच्या टोकाचे झाकण सैल होऊन बाजूला सरकले होते आणि तेथून पाण्याचा झोत निघत होता. हवेचा व्हॉल्व्ह काही सेकंदांत पूर्ण उघडण्याची सवय हे त्याला जोडून आलेले कारण होते. नळ्यांत उरलेले पाणी हवेपुढे एकदम ढकलले जाते आणि त्याचा पहिला धक्का सर्वांत मोकळ्या तोंडावर बसतो. झाकणे बदलून पक्की केली, आणि व्हॉल्व्ह उघडायला किमान एक मिनिट घ्यायचा, असा नियम लिहून लावण्यात आला.

खडी धुऊन जागेवरच पुन्हा चाळली. प्रत्येक थराची वरची पातळी भिंतीवर रंगवली, थर घातल्यावर त्या रेघेपर्यंत पाणी भरले आणि पाण्याबाहेर डोकावणारी किंवा पाण्याखाली खोल गेलेली जागा हाताने सारखी केली. बारीक थरांवर थेट पाय न ठेवता फळ्या टाकून काम केले. वाळू पाणी भरूनच सोडली, काही वेळा बॅकवॉश करून वर आलेला अतिबारीक भाग खरवडून काढला, आणि क्लोरीनने निर्जंतुक केल्यावरच गाळणी सेवेत घेतली.

परिणाम

सुरुवातीच्या मिनिटांत लावलेली जाळीची पिशवी आता रिकामी निघू लागली. सहा महिन्यांनी पुन्हा सळईने पाहणी केली, तेव्हा खडीच्या पातळीत २० मिलिमीटरहून अधिक फरक कुठेही नव्हता आणि वाळूची पातळी खुणेवर होती. टाकीतील वाळू काढण्यात आली. मात्र पुढच्या वाहिनीवरील काही व्हॉल्व्हच्या बैठका वाळूने झिजल्या होत्या, त्या बदलाव्या लागल्या.

एक परिणाम मात्र ऑपरेटरना रुचला नाही. गाळणी शेजारणींइतक्याच वेळात भरू लागली आणि वारंवार धुवावी लागू लागली. आधीचा दीर्घ काळ हा पातळ झालेल्या वाळूचा आणि आडवाटेचा परिणाम होता, हे त्यांना जुन्या आणि नव्या हेडलॉसचे आलेख शेजारी ठेवून दाखवले. त्यानंतर त्यांनी स्वतःच इतर गाळण्यांचे आलेख मागवले.

कोणते निर्णय वेगळे घेता आले असते

पहिल्यांदा भर घालण्याआधी पन्हळीच्या सांडपाण्यातील वाळू आणि गाळलेल्या पाण्यातील वाळू, दोन्ही तपासायला हव्या होत्या. एक जाळीची पिशवी आणि एक चाळणी संच एवढ्यावर हे भागले असते. त्या निर्णयाने गेलेला काळ सर्वांत जास्त आहे, आणि त्या काळात खड्डा रुंदावत गेला.

हेडलॉस अपेक्षेपेक्षा कमी दिसला, तर तो जास्त दिसण्याइतकाच तपासण्याजोगा मानायला हवा होता. नोंदवहीत फक्त वरची मर्यादा छापलेली होती. आता शेजारच्या गाळण्यांच्या सरासरीपेक्षा ठळकपणे कमी आकडाही लाल शाईने नोंदवला जातो. गढूळतेचा नमुना धुण्यानंतरच्या पहिल्या मिनिटांत घेण्याची पद्धत आधीपासून असती, तर गळती कितीतरी लवकर उघड झाली असती, असे माझे ठाम मत आहे.

तिसऱ्या पर्यायाला नकार देण्याचा निर्णय आज पाहता योग्य वाटतो, पण तो घेताना आमच्या हाती चाळणी विश्लेषण होते. ते नसते आणि वाळू फक्त १२ ते ५ मिलिमीटरच्या थरातून सीमारेषेवर निसटत आहे असे दिसले असते, तर आधी नळ्यांची दाबचाचणी करून मगच गाळणी उघडण्याचा क्रम अधिक शहाणपणाचा ठरला असता.

उरलेल्या तीन गाळण्यांचीही सळईने पाहणी झाली. पहिल्या गाळणीत एका कोपऱ्याशी खडीचा सुमारे ४० मिलिमीटरचा उंचवटा सापडला, पण खड्डा नव्हता आणि पिशवीतही वाळू नव्हती. ती गाळणी लगेच न उघडता दर तीन महिन्यांनी त्याच छेदबिंदूंवर सळई घालून पातळी नोंदवायची, आणि उंचवटा ५० मिलिमीटरच्या पुढे गेला किंवा पिशवीत वाळू दिसली की ती सेवेतून बाहेर काढायची, असे ठरले. व्हॉल्व्ह सावकाश उघडण्याचा नियम लागू झाल्यापासून तो उंचवटा वाढलेला नाही.